हिला कोणी नाही

"अम्मा, थांब की. वाचू दे."

भागी भर रस्त्यात उभी राहिली आणि मान वर करून सोडावॉटरच्या दुकानाची पाटी वाचायला लागली. मागून रिक्षावाला हॉर्न बडवत होता. माझ्या डोक्यावर तेंदूच्या पानांचं गाठोडं, काखेत तंबाखूची पिशवी, आणि ही बया एकेक अक्षर बोटानं हवेत गिरवत होती.

"थं-ड... सो-डा. थंड सोडा!"

"झालं? चल आता."

"नाही, खाली अजून हाय. लिं-बू..."

त्या दिवसांत आमचं रोजचं असंच चाललं होतं. भागी, म्हणजे भाग्यश्री, सहा वर्षांची होती. सकाळी महापालिकेच्या शाळेत पहिलीत जायची आणि दुपारी संस्थेच्या वर्गात. सोलापुरात आमची वस्ती विडी वळणाऱ्या बायकांची, आणि संस्था नलिनीबाई हळब्यांची. तान्ह्या पोरांना पाळणाघर, शाळेतल्या पोरांना अभ्यासवर्ग, मधल्या सुट्टीत दूध आणि उसळ. खोटं कशाला बोलू, ती संस्था नसती तर भागी माझ्या शेजारी बसून तंबाखूची धूळ खात मोठी झाली असती, जशी मी झाले. शाळेत जे तिच्या डोक्यात शिरलं नाही ते तिथल्या सुरेखाताईंनी गोष्टी सांगत सांगत शिकवलं. आमच्या येमुलांच्या घरात वाचता येणारं पहिलं माणूस सहा वर्षांचं निघालं, आणि त्याचे पुढचे दोन दात पडलेले होते.

मला स्वतःला तेव्हा वाचता येत नव्हतं. मराठी नाही आणि घरात बोलतो ती तेलुगूही नाही. त्यामुळं पाटीपाटीपाशी थांबायला मी तोंडानं कितीही कुरकुरले तरी मनातून मला मोठी मौज वाटायची.

नाक्यावर वळलो आणि या खेपेला मीच थांबले. तिथं नवा फ्लेक्स लागला होता. आमच्या नाक्याला फ्लेक्सचं कौतुक नाही. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या पुतण्याचा वाढदिवस, कुणी वारलं तर त्याचा फोटो, असं काही ना काही तिथं लटकलेलंच असतं. पण या फ्लेक्सवर दोन पुरुष उंच माझी भागी होती.

"अगं बाई! नरसव्वा, बघ बघ! माझी पोरगी!" मी भाजीवाल्या नरसव्वाला हाक मारली. गाठोडं खाली टाकलं. चार बायका जमल्या. पानपट्टीवाला बाहेर आला, त्यानं एकदा फ्लेक्सकडं आणि एकदा माझ्याकडं पाहिलं आणि गल्ल्यापाशी जाऊन उगाच फडकं मारायला लागला. त्याला वाचता येत होतं. मला वाटलं, जळतोय मेला.

"भागी, मोठ्यानं वाच. तुझ्याबद्दल काय लिहिलंय ते सगळ्यांना ऐकू दे."

भागीनं घसा साफ केला. वर्गात वाचायच्या आधी करायची तसा.

"हि-ला... को-णी... ना-ही. हिला कोणी नाही." मग खालची ओळ. "तु-म्ही... ति-चे... व्हा-ल?"

वाचून संपल्यावर तिनं शाबासकीसाठी माझ्याकडं पाहिलं. मग तिच्या कपाळावर आठी आली.

"अम्मा, कुणाला कोणी नाही?"

नरसव्वानं माझा दंड धरला. आता फोटो मला नीट दिसला. भागीचे केस सुटे होते, पिंजारून डोळ्यांवर आलेले. आमच्यात पोरीचे केस असे सुटे दिसले तर बाया पहिला प्रश्न विचारतात, घरात कोण गेलं? आणि संस्थेत फोटोवाला येणार म्हणून त्या दिवशी मी पहाटे उठून तिला न्हाऊ घातलं होतं, खोबरेल चोपडून दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या, लाल रिबिनीची फुलं वर बांधली होती. पाहुण्यांसमोर जायचं म्हणजे नीटनेटकं जायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. उलटंही काही असू शकतं हे आमच्या डोक्यात येणार कुठून?

"केस कुणी सोडले तुझे?"

"नलिनीबाईंनी. म्हणाल्या, असंच छान दिसतं. आणि हसू नको म्हणाल्या."

"आणखी काय म्हणाल्या?"

"घरी कोण कोण आहे विचारलं. मी सांगितलं की. अम्मा हाय, नान्ना हाय, जेजी हाय. अम्मा कारखान्यात विड्या द्यायला गेलीय म्हणून."

आई, बाप, आजी, सगळी मोजून सांगितली होती पोरीनं. मी गाठोडं उचललं. बायका बाजूला झाल्या. त्या दिवशी घरापर्यंत भागीनं एकही पाटी वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पदर खोचून संस्थेत गेले. नलिनीबाई टेबलामागं बसल्या होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी, मोठा थोरला अंबाडा, त्यावर मोगऱ्याचा गजरा. अख्ख्या गावात बाईंचा अंबाडा प्रसिद्ध होता.

"ये राजमणी. बघितलास का फ्लेक्स? काय गोड आलीय ना भागी!"

"बाई, तिला आई हाय."

"अगं, ठाऊक आहे मला."

"मग कोणी नाही असं का लिहिलंय?"

बाई हसल्या. लहान पोराला समजावतात तशा पुढं वाकल्या. "तो फोटो भागीचा नाहीच."

"मग कुणाचा हाय?"

"सगळ्या मुलांचा आहे. लोकांना एक चेहरा लागतो गं. दोन वेण्या घातलेल्या हसऱ्या मुलीकडे बघून कुणाचं मन हलत नाही. उसळ कुठून येते? सुरेखाचा पगार कुठून होतो? तुला खरं काय ते माहीत आहे, मला माहीत आहे, भागीलाही माहीत आहे. मग बिघडलं कुठं?"

"पण बाई, सगळी वस्ती..."

"हे बघ, माझी जबरदस्ती नाही हं. तुला नको असेल तर भागीला काढून घे. वर्गात जागा मोजक्या आहेत आणि बाहेर आयांची रांग लागलीय." हे सगळं इतक्या गोड आवाजात की शेजारच्या खोलीत ऐकणाऱ्याला वाटावं, बाई माझी विचारपूसच करतायत.

अडला हरी, गाढवाचे पाय धरी. भागीचा वर्ग सुटला असता तर वाचणंही सुटलं असतं. खोचलेला पदर सोडून मी परत आले.

बिघडलं कुठं ते चार दिवसांत दिसायला लागलं. वर्गातली पोरं भागीला 'कोणी नाही' म्हणून हाक मारायला लागली. "ए कोणी नाही, पाणी दे." "ए कोणी नाही, तुझा डबा कुणी भरला?" पहिल्या दिवशी तिनं एकाला बोचकारलं. दुसऱ्या दिवशी रडली. मग गप्पच झाली, आणि ते मला सगळ्यात वाईट वाटलं. नाक्यावरून जायचं नाही म्हणून हट्ट धरायची, म्हणून आम्ही रोज मसणवाटीच्या बाजूनं वळसा घालून यायला लागलो. रस्त्यात चालताना तिची मान खाली असायची. सोडावॉटरचं दुकान आलं तरी ती वर बघायची नाही.

एका रविवारी मी तिची वेणी घालत होते. पाठमोरी बसलेली असताना पोरं मनातलं बोलतात.

"अम्मा, मला तू कुठून आणलंस?"

"कुठून म्हणजे? पोटातून."

"खरं सांग."

"खरंच सांगलाले की गं."

"मग फ्लेक्सवर तसं का लिहिलंय?"

"खोटं लिहिलंय ते."

भागी वळली. अर्धी वेणी माझ्या हातातून सुटली. "लिहिलेलं खोटं नसतं. सुरेखाताई म्हणाल्या, वाचायला आलं की आपल्याला खरं काय ते कळतं."

ज्या बाईला वाचता येत नाही तिच्या शब्दापेक्षा दोन पुरुष उंच अक्षरं मोठीच. माझ्याच पोरीला मी तिची आई आहे हे मला पटवता येईना. मी तिला पुन्हा वळवून बसवलं आणि वेणी इतकी आवळली की ती ओरडली. त्याच घडीला मी ठरवलं, हे मी फेडणार. कसं ते ठाऊक नव्हतं, पण नलिनीबाईंना हे व्याजासकट परत मिळणार होतं.

देवाला कधी कधी बायकांची दया येते. पुढच्याच आठवड्यात त्यानं मला हत्यार दिलं, आणि तेही बाईंच्याच डोक्यात घालून.

त्याचं असं झालं. संस्थेत दर शनिवारी पोरांची डोकी तपासायची रीत होती. आयांनी पाळीपाळीनं यायचं, ओट्यावर बसायचं आणि एकेका पोराच्या उवा काढायच्या. पोरं शनिवारला उवावार म्हणायची. विड्या वळून माझी बोटं चपळ झालेली, त्यामुळं माझ्यासमोर नेहमी गर्दी असायची. आता भागीच्या डोक्यात ऊ नव्हती हे मी शपथेवर सांगते. पण फोटोच्या दिवशी बाईंनी काही एकट्या भागीचा फोटो काढला नव्हता. वीस-पंचवीस पोरांना गालाला गाल लावून, कवटाळून, मांडीवर घेऊन फोटो झाले होते. एरवी बाई पोरांना चार हात लांबूनच जपायच्या. त्या एका दिवसाच्या मायेचं फळ त्यांना डोकं भरून मिळालं.

शुक्रवारी सुरेखाताई मला बाजूला घेऊन कुजबुजल्या, "राजमणी, बाईंनी बंगल्यावर बोलावलंय. एकटीच ये म्हणाल्यात. आणि फणी घेऊन ये." ताईंनी कारण सांगितलं नाही, पण तोंडावर पदर धरून त्या दुसरीकडं बघत होत्या.

दुपारी गेले. बाईंनी स्वतः दार उघडलं आणि लगेच लावून घेतलं. मी त्यांना पटकन ओळखलंच नाही. अंगात विटका गाऊन, केस खांद्यावर मोकळे, विरळ आणि पिकलेले. गावभर गाजलेला अंबाडा खुर्चीच्या पाठीवर लटकत होता. ते गंगावन होतं.

"कुणाला बोलायचं नाही, राजमणी."

"नाही, बाई."

"परवा रविवारी मुंबईचे पाहुणे यायचेत संस्था बघायला. पार्लरमध्ये गेले तर गावभर होईल. रात्रभर झोप नाही गं. खाजवून खाजवून..." त्यांचे डोळे भरून आले.

मागच्या व्हरांड्यात ऊन होतं. तिथं मी खुर्चीत बसले आणि बाई माझ्या पायांपाशी पाटावर बसल्या. त्यांचं डोकं माझ्या गुडघ्यांत होतं. मी फणी फिरवायला लागले. नाक्यावरचा फ्लेक्स, वर्गातली पोरं, मसणवाटीचा वळसा, सगळं त्या बाईंच्या या डोक्यातून निघालं होतं, आणि आता ते डोकं माझ्या हातात होतं. मनात आलं, एक झिपरी धरून गदागदा हलवावं. पण मी हळुवारच हात चालवला. घाईत केलेली विडी विझते, हे मला माहीत होतं.

डोक्यात कुणाची बोटं फिरायला लागली की माणूस सैल पडतं. बाई बोलायला लागल्या. आधी उवांबद्दल, मग त्यांच्या आईबद्दल, मग आणखी बरंच. मी नुसतं हं हं करत होते. त्या काय बोलल्या ते मी त्या वेळी कुणापाशी काढलं नाही. बोलता बोलता त्यांचा आवाज चिरका झाला, थोडं रडल्या, आणि रडता रडता तिथंच त्यांचा डोळा लागला. केस तोंडावर आलेले, गालांवर पाण्याचे ओघळ, ओठ लोंबलेला.

माझ्या कमरेला नवऱ्याचा फोन होता. त्यांचं डोकं खुर्चीला टेकवून मी अलगद उठले, समोर जाऊन उभी राहिले आणि फोटो काढला. खटक आवाज झाला.

बाई दचकल्या. "काय गं?"

"मोठी होती, बाई," मी म्हणाले. "चिरडली."

संध्याकाळी मी श्रीनूच्या दुकानात गेले. श्रीनिवास बल्ला माझ्या आत्याचा मुलगा. वस्तीतले सगळे फ्लेक्स तोच छापायचा, आणि संस्थेचेही तोच. फोटो बघून त्याला हसू आवरेना. पण काय छापायचं ते सांगितल्यावर तो ताळ्यावर आला.

"अक्का, वेडी का काय तू? माझं गिऱ्हाईक जातंय बे!"

"श्रीनू, भागी तुझी कोण?"

"भाची."

"तिला कोणी नाही असं कुणी छापलं?"

त्यानं फोन टेबलावर ठेवला. "मला डिझाईन पाठवलं, मी छापलं. फोटोकडं नीट बघितलंच नाही गं. रोज किती चेहरे छापतो."

"मामा असून छापलंस. आता आणखी एक छाप. तीच अक्षरं, तोच रंग, तेवढीच उंची. एक कानामात्रा इकडची तिकडं नको."

श्रीनूनं कॉम्प्युटरवर भागीचा फोटो उघडला, या खेपेला नीट बघितला आणि काढून टाकला. त्या जागी बाई आल्या.

रविवारी तांबडं फुटायच्या सुमाराला मी, नरसव्वा आणि श्रीनू तिघांनी संस्थेच्या फाटकासमोरच्या दोन खांबांना फ्लेक्स बांधला. चांगल्या सुतळीनं, चार गाठी मारून. उजाडलं तशा बाया जमायला लागल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना ज्यांना येत होतं त्यांनी वाचून दाखवलं. नरसव्वा तर पोट धरून रस्त्यातच बसली. मला हसू येत नव्हतं. मी शिडीपाशी विळा घेऊन उभी होते आणि वाट बघत होते.

बाईंची गाडी आली. पाहुण्यांच्या आधी येऊन त्यांना तयारी बघायची होती. खाली उतरल्या त्या नेहमीच्या थाटात, अंबाडा, गजरा, हातात फुलांचे गुच्छ. वर पाहिलं आणि गुच्छ हातातून गळाले.

"काढ ते," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता काढ."

"काढते की, बाई. आधी नाक्यावरचा निघू दे."

"पाहुणे गेले की उतरवू."

"पाहुणे यायच्या आधी."

"राजमणी, माझी बदनामी करतेस तू? मी तुझ्या मुलीला शिकवलं..."

"बाई, हा फोटो तुमचा नाहीच," मी म्हणाले. "सगळ्या बायकांचा हाय. लोकांना एक चेहरा लागतो."

मागं बायांमध्ये खसखस पिकली. बाईंनी एकदा रस्त्याच्या टोकाकडं पाहिलं. मग त्या माझ्या अगदी जवळ आल्या आणि माझ्याशिवाय कुणाला ऐकू येणार नाही अशा आवाजात बोलल्या.

"हे मी तुला सांगितलं होतं. विश्वासानं सांगितलं होतं."

खरं होतं ते. व्हरांड्यात डोळे मिटून बाई मला म्हणाल्या होत्या, "आई होती तोवर आई डोकं बघायची. हे गेले. मुलगा तिकडं कॅनडात, दिवाळीला फोन करतो तोही घाईत. एवढी माणसं माझ्या दारात येतात-जातात राजमणी, पण माझ्या डोक्यावरून हात फिरवायला मला कोणी नाही." दुसऱ्या कुठल्याही बाईनं माझ्या गुडघ्यात डोकं ठेवून असं म्हटलं असतं तर मी तिला पोटाशी धरलं असतं. मी एक लीख काढली होती आणि नखावर ठेचली होती. भागीच्या फोटोखाली ते खोटं होतं. बाईंच्या फोटोखाली ते खरं होतं, आणि ते खरं आहे हे वस्तीत दोघींनाच ठाऊक होतं. म्हणून मी तीच अक्षरं मागितली होती.

"माझ्या पोरीनं पण तुम्हाला सांगितलं होतं, बाई," मी म्हणाले. "अम्मा हाय, नान्ना हाय, जेजी हाय. तिनंही विश्वासानंच सांगितलं होतं."

बाईंनी माझ्याकडं न बघता ड्रायव्हरला हाक मारली. "नाक्यावर जा. तो फ्लेक्स उतरवून घेऊन ये. पळ."

गाडी गेली. आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहिलो. तेवढ्यात सुरेखाताई पोरांची रांग घेऊन आल्या. पाहुण्यांसाठी सगळ्यांना बोलावलं होतं. रांगेत भागी होती, तिच्या दोन्ही वेण्यांवर मी लाल रिबिनी बांधल्या होत्या. खांबावर फ्लेक्स आहे एवढं तिला कडेनं दिसलं आणि तिनं मान आणखी खाली घातली.

"भागी," मी म्हणाले, "वर बघ."

"नको."

"बघ गं. तुझा नाही."

ती भीत भीत वर बघायला लागली. बराच वेळ तिला ओळखू आलं नाही. मग तिनं फोटोकडं, मग बाईंकडं, मग पुन्हा फोटोकडं पाहिलं. तिचे ओठ हलायला लागले. इतक्या दिवसांनी पोर वाचत होती.

"हि-ला... को-णी... ना-ही." ती बाईंकडं वळली. तिच्या तोंडावर चेष्टा नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "बाई, तुम्हाला कोणी नाही?"

आहे गं, एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. एवढ्या लोकांना भाषणं देऊन रडवणाऱ्या बाईला एका सहा वर्षांच्या पोरीसमोर शब्द सापडेना. सुरेखाताई पुढं व्हायला लागल्या, त्यांना मी हातानं अडवलं.

"खाली अजून हाय, भागी," मी म्हणाले. "सगळं वाच."

"तु-म्ही... ति-चे... व्हा-ल?"

वर्गात प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं असतं, हे भागीला संस्थेनंच शिकवलेलं. तिनं प्रश्नावर नीट विचार केला. बाईंना पायापासून केसापर्यंत पाहून घेतलं. मग ती माझ्याजवळ आली आणि तिनं माझ्या लुगड्याचा सोगा मुठीत धरला.

"नाही," ती म्हणाली.

बाई वळल्या आणि फाटकातून आत गेल्या. खाली पडलेले गुच्छ त्यांनी उचलले नाहीत. थोड्या वेळानं ड्रायव्हर भागीचा फ्लेक्स गुंडाळून घेऊन आला, तेव्हा तो ताब्यात घेऊन मी शिडीवर चढून विळ्यानं माझ्या चारही गाठी कापल्या. पाहुणे आले, त्यांनी दूध बघितलं, वर्ग बघितला, टाळ्या वाजवल्या. खांबांना तेव्हा नुसत्या सुतळ्या लोंबत होत्या. भागीनं त्यांना फळ्यावरचा सुविचार वाचून दाखवला आणि घरी येताना सोडावॉटरच्या दुकानापाशी माझा हात ओढला.

बाईंनी तिला वर्गातून काढलं नाही. काढायची हिंमत नव्हती, कारण फोटो अजून माझ्या नवऱ्याच्या फोनमध्ये आहे हे त्यांना माहीत होतं. संस्थेच्या पुढच्या फ्लेक्सवर एकाही पोराचं तोंड नव्हतं, नुसतं सूर्यफुलाचं चित्र होतं. शनिवारची रीत चालू राहिली, पण बाई मला दिसल्या की दुसऱ्या दारानं जायच्या. मला वाचायला नंतर भागीनंच शिकवलं. सगळ्यात आधी मी तिच्याकडून त्या दोन ओळी गिरवून घेतल्या.

भागीचा फ्लेक्स मी त्याच दिवशी चुलीत घातला होता. घरभर घाण वास सुटला, सासू बोंबलली, पण शेवटचा तुकडा जळेपर्यंत मी हलले नाही. बाईंचा मात्र जाळला नाही. आमच्या न्हाणीच्या छपराला भोक पडलं होतं, त्यावर तो अंथरला, चित्राची बाजू खाली. दर रविवारी मी भागीचे केस धुवायचे, तिथंच बसून तेल लावून दोन वेण्या घालायचे, आणि वरून सुट्या केसांच्या बाई ते बघत राहायच्या. भागी आता मोठी झाली, स्वतःची वेणी स्वतः घालते. गेल्या वर्षी न्हाणीवर पत्रा टाकला तेव्हा नवरा म्हणाला, आता तरी टाक ते. मी फ्लेक्स झटकला, नीट घडी घातली आणि माळ्यावर ठेवून दिला.